घट उठायच्या आत

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की मला रॉकेलचा वास येतो. आता आमच्या बोरिवलीच्या इमारतीत रॉकेल कुठून येणार? नव्या पिढीनं ते पाहिलेलंसुद्धा नाही. माझी मुलगी सई म्हणते, "आई, तुला भास होतात." होत असतील. पण नवरात्र तोंडावर आलं, पंख्याखाली बसूनही पाठीवरून घाम ओघळायला लागला, की तो वास येतोच. मग त्याच्या मागोमाग झेंडू येतो, उदबत्ती येते, जळक्या ऑइलचा करपट वास येतो, आईच्या उपासाच्या भगरीचा वास येतो, आणि मी थेट मरोळच्या घराच्या पडवीत फतकल मारून बसलेली असते.

ऐंशीच्या दशकातलं मरोळ. आमचं घर तळमजल्यावर, पुढे जाळीची पडवी. डोक्यावरून विमानं जायची, इतकी खाली की पोटावरचे आकडे वाचावेत. विमान आलं की बोलणं थांबवायचं आणि गेलं की अर्ध्या वाक्यापासून पुढे सुरू करायचं, ही आम्हा सगळ्यांची सवय. पाहुणे चक्रावून जायचे. आमची भांडणंसुद्धा अशी तुकड्यातुकड्यांनी व्हायची, आणि खरं सांगते, त्यामुळे पुष्कळ भांडणं मधेच विझायचीही.

त्या पडवीचा अर्धा भाग अडवून अण्णांची मोटारसायकल उभी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून, पण जीव सगळा यंत्रांत. गाडी जुनी, विलायती, अण्णांनी लग्नाच्या आधी घेतलेली. मी शाळेत असताना तिच्या टाकीवर बसून अंधेरी स्टेशनापर्यंत गेलेली मला आठवते. पुढे तिचा जोर गेला, मग आवाज गेला, मग ती पडवीत आली आणि तिथेच राहिली. आई तिच्यावर पापड वाळत घालायची.

आईचं म्हणणं साधं होतं. ती ब्लाउज शिवायची. तिचं शिवणयंत्र स्वयंपाकघरात, फडताळाच्या अंधारात. सुईत दोरा ओवायला दरवेळी उठून खिडकीशी यायला लागायचं. आणि उजेडाची, वाऱ्याची, घरातली एकुलती एक चांगली जागा एका बंद पडलेल्या गाडीनं अडवलेली. "मेलेल्या म्हशीला गोठा आणि दुभत्या गाईला उकिरडा," ती म्हणायची. दुभती गाय म्हणजे शिवणयंत्र. यात चूक काय होतं? काहीच नाही. पण अण्णांसमोर गाडीला मेलेली म्हटलं की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

त्यात अण्णांचा एक दुर्गुण होता. ते वस्तू उघडायचे. उघडण्यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या मरोळमध्ये कुणी नव्हता. टेबलफॅन उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, शेजाऱ्यांचा रेडिओसुद्धा उघडला. बंद करण्याचा मात्र त्यांना कंटाळा, म्हणजे एकदा आतलं सगळं समजलं की त्यांचा रसच संपायचा. माळ्यावर एक खोका होता, त्यात या सगळ्यांची आतडी पडलेली असायची.

त्या वर्षी घट बसले त्याच दिवशी, आई देवघरात मातीत धान्य पेरत असताना, अण्णांनी पडवीत गाडीची टाकी उतरवली.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "ह्या काय चल्लाहा?" आई रागावली की तिची मालवणी वर यायची, एरवी ती आमच्यासारखंच बोलायची.

"व्हॉल्व घासतो," अण्णा म्हणाले. "अगं, इंजिनाला दोन दारं असतात. एकातून पेट्रोलची वाफ आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ती दारं घट्ट लागत नाहीयेत. घासून नीट बसवली की गाडी उठली."

"तुमच्या हातून आजपर्यंत एक तरी वस्तू बंद झाली आहे का? ऐका. देवाचे घट उठायच्या आत तुमची..."

विमान आलं. अण्णांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. विमान गेलं.

"...तुमची गाडी उठली पाहिजे. दसऱ्याला चालू झाली तर ऱ्हवतली, नायतर भंगारात जातली. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवलंय मी."

आणि सांगून ठेवलं होतं, हो. माझी आई नुसत्या धमक्या देणारी बाई नव्हती.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन घरी बसले होते. नोकरीचे अर्ज टाकून झाले होते, लग्नाचं बघणं चाललं होतं, आणि दोन्हीकडून उत्तर येत नव्हतं. मला काय, ते गाडीचं काम म्हणजे पर्वणीच. "मंगल, पाना दे," अण्णांनी म्हणायचं, मी द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून मीच पाना फिरवायला लागले आणि अण्णा "दे" म्हणायच्या ऐवजी "सांभाळून" म्हणायला लागले. देवघरात घटावर रोज एक माळ चढायची आणि पडवीत रोज गाडीचा एक भाग उतरायचा. कार्बोरेटर उतरला, सायलेन्सरचा पाइप उतरला. इंजिनाचं हेड, म्हणजे ज्यात ती दोन दारं असतात ते डोकं, काही केल्या सुटेना. वर्षानुवर्षं बसून घट्ट झालेलं. शेवटी मी मोरीतून आईचं कपडे धुवायचं धोपाटणं आणलं आणि अण्णांनी चहूबाजूंनी हलक्या हातानं ठोकलं. "टुक" असा आवाज आला आणि हेड अण्णांच्या हातात आलं. इतका आनंद झाला त्यांना! बाळंतघरातून बाहेर आलेल्या माणसासारखे अण्णा ते हेड छातीशी धरून घरभर फिरले. छातीवर काजळीचा हा मोठा डाग. तो बनियन पुढे फरशी पुसायला गेला.

मग आप्पेपात्राचा प्रकार झाला.

"मंगल, माझं आप्पेपात्र बघितलंस?" आतून आवाज आला. मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी छताकडे.

"अण्णा कुठायत?"

"इथेच आहेत. गप्प आहेत."

गप्प म्हटल्याबरोबर आई बाहेर आली. आप्पेपात्र जमिनीवर, त्याच्या प्रत्येक खळग्यात रॉकेल आणि रॉकेलमध्ये भिजत घातलेले नट. एका खळग्यात मोठे, एकात छोटे, एकात वायसर.

"अगं, सरमिसळ व्हायला नको म्हणून," अण्णा म्हणाले. "बंद करायचंय ना या खेपेला. म्हणून तर."

"आणि आप्पे कशात घालू? तुमच्या टाळूवर?"

पण ती ते 'बंद करायचंय ना' ऐकून थांबली, हे मी पाहिलं. आप्पेपात्र तिनं परत मागितलं नाही. आम्ही ते वर्ष आप्प्यांशिवाय काढलं आणि नंतरच्या आप्प्यांनाही, आई शपथ, कुठेतरी रॉकेलचा वास यायचाच.

संध्याकाळी समोरच्या गावठाणातले पास्कल अंकल यायचे. उंच, पांढऱ्या मिशांचे, पायरीवर बसून सगळं बघायचे. व्हॉल्वच्या स्प्रिंगा दाबून धरायचा शिकंजा त्यांच्याकडे होता, तो त्यांनी आणून दिला. "अण्णा, तुम्ही उघडलंत, आता मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून येतो," असं म्हणून ते जोरजोरात हसायचे. अण्णाही हसायचे, पण जरा कमी. खिजवणाऱ्या माणसाचा शिकंजा वापरायचा म्हणजे हसावं लागतंच.

स्प्रिंगा निघाल्या, व्हॉल्व निघाले. लांब दांड्याच्या कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसतात ते, पावसाळ्यात उगवते ती छत्री. कडेला काळे, खरबरीत. कडेला घासायचं मलम लावायचं, व्हॉल्वच्या टोपीला रबरी चोखणीची काठी चिकटवायची आणि ती काठी दोन तळव्यांत घोळवत राहायची, पुढे-मागे, पुढे-मागे. सुरुवातीला कर्रर्र असा दाताखाली वाळू आल्यासारखा आवाज येतो. अण्णांच्या तळव्यांना फोड आले, मग मी बसले. माझं मनगट भरून आलं. मी घासत होते आणि आई दारात उभी राहून बघत होती. बघता बघता तिला राहवेना.

"अगं, असं काय दाबतेस? ताक कधी घुसळलंयस का? मनगट सैल सोड. सर बाजूला."

आणि आई पाटावर बसली. उपास, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला घाम, आणि तळव्यांत ती काठी. तिनं सहज, अगदी लयीत, ती फिरवायला सुरुवात केली. तिच्या माहेरी मालवणला दोन म्हशी होत्या. लहानपणी रोज पहाटे ताक करणं हे तिचं काम होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती घुसळता घुसळता सांगत होती, कुठली म्हैस लाथ मारायची, रवीला दोरी कशी लावायची, लोणी यायच्या आधी आवाज कसा बदलतो. अण्णा तिच्या समोर उकिडवे बसून ऐकत होते. त्यांनाही त्यातलं पुष्कळसं नवीन असावं. व्हॉल्वचा आवाज खरखरीत होता तो हळूहळू मऊ झाला, मग जवळजवळ येईनासाच झाला.

"आलं लोणी," आई म्हणाली आणि हात पुसून निघून गेली. जसं काही झालंच नाही.

व्हॉल्व आणि स्प्रिंगा पुन्हा बसवून अण्णांनी हेडच्या दोन्ही भोकांत रॉकेल ओतलं. दार घट्ट लागत असेल तर खाली थेंब येत नाही. आम्ही खाली कागद धरून बघत बसलो. विमान आलं, गेलं. कागद कोरडा. अण्णांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मीच कागदावर पडले. ती अष्टमी होती. उद्या सगळं जोडायचं, परवा दसरा. वेळेच्या आधी! अण्णांच्या आयुष्यात वेळेच्या आधी काहीतरी होत होतं.

सकाळी मी उठले तर पडवीत सामसूम. पाने नाहीत, पेचकस नाही, हेड नाही. अण्णा टॉवेल गुंडाळून देवघराच्या दारात पुतळा होऊन उभे.

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. आमच्याकडे ज्याच्या जोरावर घर चालतं ते सगळं त्या दिवशी पाटावर येतं. विळी आली होती, कात्री आली होती, शिवणयंत्राची बॉबिन आली होती, अण्णांचे सगळे पाने ओळीनं आले होते. आणि मधोमध, लाल कापडावर, ते हेड. आईनं ते चिंचेनं घासून देवाच्या तांब्यासारखं लखलखीत केलेलं. धूर बाहेर जायचं भोक वर करून ठेवलेलं, म्हणजे नीट बसतं म्हणून. त्याला हळद-कुंकू, झेंडू, आणि वरून मूठभर अक्षता.

ज्या गाडीवर ती पापड वाळत घालायची, जिला ती मेलेली म्हैस म्हणायची, तिला तिनं पाटावर मधली जागा दिली होती. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

मग अण्णांच्या लक्षात आलं.

"अगं, पण मग आज पाने..."

"देवाला बसवलेलं उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही."

"मग जोडू कशानं?"

आईनं पाटाकडे बघितलं. तिच्याही ते आत्ताच लक्षात आलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. पण बोललेलं परत घेणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि देवाचं तर मुळीच नाही. "उद्या पहाटे उठा," एवढंच ती म्हणाली.

तो दिवस अण्णांनी कसा काढला देवाला माहीत. देवघरासमोरून ये-जा, ये-जा. मधेच मला म्हणाले, "मंगे, पास्कलकडचा पाना चालेल का? तो काही पूजेत नाहीये." मी म्हटलं, "पण हेड आहे ना पूजेत." ते परत जाऊन बसले. दुपारभर पास्कल अंकल पायरीवर बसून होते, आणि त्या दिवशी ते एकदाही हसले नाहीत.

दसऱ्याला आईनं पहाटेच आंघोळ करून उत्तरपूजा केली, पुन्हा अक्षता वाहिल्या, पाट उत्तरेकडे हलवला. "घ्या," म्हणाली. अण्णा आणि मी तुटून पडलो. हेड बाहेरून पुसलं, बसवलं, आप्पेपात्रातला एकेक खळगा रिकामा होत गेला. अण्णा प्रत्येक नट कसताना म्हणायचे, "बंद." पुढचा नट, "बंद." दारावर तोरण लागलं, आत श्रीखंड फेटलं गेलं, शेजारच्या घरांतून आपट्याची पानं देणंघेणं सुरू झालं. सगळ्यात शेवटी टाकी चढली. अण्णांनी धोतरासारखी लुंगी खोचली आणि किक मारली.

किक सरळ खाली गेली. लोण्यात सुरी जावी तशी. इंजिनात जोर असेल तर किक पायाला अडते, ढकलते. इथे काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच. घामानं अण्णांचा सदरा अंगाला चिकटला. पायरीवरचे पास्कल अंकल उठून उभे राहिले. दार घट्ट लागत नव्हतं. परवा थेंबही गळला नव्हता आणि आज दार सताड उघडं.

अण्णा हँडल धरून उभे राहिले. रागावले नाहीत, चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "जाऊ दे. भंगारवाल्याला येऊ दे उद्या."

मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवलं. आणि आई, जिला पडवी हवी होती, जिला उद्या ती मिळणार होती, ती श्रीखंडाचा हात तसाच घेऊन बाहेर आली.

"अहो," ती म्हणाली. "ते भोक मी वर करून ठेवलं होतं. त्याच्यात माझ्या अक्षता तर नाही गेल्या?"

तांदूळ दाराच्या फटीत अडकले, तर दार लागणार कसं? मग पास्कल अंकलनी कपाळावर हात मारून घेतला. अण्णांनी लगेच सायलेन्सरचा पाइप काढला. त्या गाडीला हँडलवर एक छोटा दांडा असतो, तो दाबला की धुराचं दार थोडं उघडं राहतं. तो दांडा मी दाबून धरला. आई टॉर्च घेऊन भोकात बघायला वाकली. "सर गं," असं अण्णा म्हणायच्या आत त्यांनी किक मारलीही होती.

फस्स!

हळदीचा ढग उडाला. आणि त्यातून कुंकवानं लाल झालेले तांदूळ थेट आईच्या तोंडावर. दोन कपाळाला चिकटले, एक केसांत अडकला, बाकीचे पदरावर. आई डोळे मिटून तशीच उभी. अण्णा बघतच राहिले, आणि मग असे हसायला लागले की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला.

"घे! तुझ्या अक्षता तुला परत. आपलं पुन्हा लग्न लागलं!"

"चूप बसा," आई म्हणाली, पण ती लाजली. माझी आई लाजलेली मी त्या आधी कधी पाहिली नव्हती. पास्कल अंकलनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी दोनचारदा आणखी फस्स-फस्स करून सगळं साफ केलं, पाइप चढवला, किकवर पाय ठेवून हळूच दाबलं. "अडली!" ते ओरडले. "अडली गं! पायाला अडली!" आता जोरानं मारणार, तेवढ्यात आई पुढे आली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

"थांबा. शिंकली ना ती आत्ता? शिंक झाल्यावर लगेच निघायचं नाही. पाणी प्या आधी."

इंजिनाच्या शिंकेला शिंक धरायची का, यावर अण्णा एरवी तासभर वाद घालते. त्या दिवशी त्यांनी निमूटपणे तांब्या तोंडाला लावला. मीही प्यायले, पास्कल अंकलही प्यायले. मग अण्णांनी किक मारली.

तो आवाज! धग धग धग धग. इतक्या वर्षांनी. पडवीची जाळी थरथरायला लागली, वरच्या मजल्यावरची माणसं खाली वाकली. विमान आलं आणि पहिल्यांदाच आम्हाला विमान ऐकू आलं नाही. अण्णा काहीतरी ओरडून सांगत होते, ते कुणाला कळलं नाही, पण कळण्यासारखं ते होतंही काय? संध्याकाळी आई सहावारी साडी सावरत, एका बाजूला पाय सोडून मागे बसली आणि दोघं मालाडला मावशीकडे सोनं द्यायला गेली. आईच्या हातात आपट्याच्या पानांची पिशवी होती आणि दुसरा हात अण्णांच्या खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. अण्णांनी स्वतः माळ्यावरून तो आतड्यांचा खोका काढला, पंखा, घड्याळ, रेडिओ, सगळं त्याच्या हातगाडीवर ठेवलं. मग गाडी बाहेर जांभळाखाली उभी करून तिला ताडपत्री घातली आणि आईनं न सांगता तिचं शिवणयंत्र पडवीत आणून जाळीशी लावलं. आई बसली, सुई उजेडात धरली आणि दोरा पहिल्या फटक्यात आत गेला. अण्णांसाठी त्या दिवशी आप्प्यांऐवजी घावणे झाले, एवढं मला आठवतं.

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. गाडी इथे बोरिवलीला, आमच्या पार्किंगमध्ये आहे. मीच चालवते, सोसायटीच्या फाटकापर्यंत आणि परत. आई माझ्याकडेच असते, काठी घेऊन चालते, आवाज मात्र तसाच. त्या दसऱ्यापासून आमच्या घरात एक नियम आहे. विळीला अक्षता, कात्रीला अक्षता, गाडीला नाही. गाडीला फक्त फूल, आणि तेही आधी धुराच्या भोकात एक झेंडू खोचून, भोक बंद करून. माझ्या जावेच्या माहेरी आता तसंच करतात. का ते त्यांना माहीत नाही. आमच्यात चालत आलंय, असं त्या सांगतात.

यंदा सईनं विजेवरची स्कूटर घेतली. खंडेनवमीला आई झेंडू हातात घेऊन तिच्याभोवती हळूहळू एक फेरी मारून आली.

"हिचं भोक कुठाय?"

"नाहीच आहे, आजी. हिला धूर नसतो, व्हॉल्व नसतात, काहीच नसतं."

"काहीच नाही?" आईला स्कूटरची दया आल्यासारखी वाटली. "मग घाल बाई अक्षता, हव्या तेवढ्या." आणि तो झेंडू तिनं नेऊन अण्णांच्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात घट्ट खोचला, टाकीवर हात फिरवला.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली आणि मी किक मारली. फट्! झेंडू पार्किंगभर उडत जाऊन वॉचमनच्या खुर्चीवर पडला. सई हसत सुटली, स्कूटरची चावी फिरवत म्हणाली, "चला, निघू या?"

"थांब गं," आई म्हणाली. "शिंकली ना ती? पाणी प्या आधी."

आईनं तांब्या आणलाच होता. आम्ही तिघीही थांबलो आणि पाणी प्यायलो.